चर्चा जीन्सची, प्रश्न वागणुकीचा

११ सप्टेंबर २०१० रोजी, शनिवारी, न्यू जर्सीतील फ्लोरहॅम पार्क येथे न्यू यॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव सुरू होता. मेक्सिकोतील 'टीव्ही अझ्टेका' या वाहिनीच्या प्रतिनिधी इनेस साइन्स मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. संघाचा क्वार्टरबॅक मार्क सँचेझ मेक्सिकन वंशाचा. साहजिकच मेक्सिकोतील प्रेक्षकांना त्याच्याविषयी विशेष कुतूहल होते आणि त्याची मुलाखत घेणे हे साइन्स यांचे त्या दिवशीचे काम होते. सराव चालू असताना एका प्रशिक्षकाने त्या उभ्या होत्या त्या दिशेने मुद्दाम चेंडू फेकण्यास सुरुवात केली. झेल घेण्याच्या निमित्ताने खेळाडूंना त्यांच्याजवळ जाता यावे, हा त्यामागचा हेतू. पुढे त्या लॉकर रूममध्ये सँचेझची वाट पाहत थांबल्या असता आरोळ्या आणि शेरेबाजी झाली. शरमेने जीव जायची वेळ आली आहे, कुठेही नजर जाऊ नये असा प्रयत्न करीत आहे, अशा आशयाचा मजकूर त्यांनी तेथूनच ट्विटरवर टाकला.

एवढ्यावरून अमेरिकेत जो गदारोळ उडाला त्यात पहिले दोन दिवस खेळाडूंच्या वर्तनाचे होते. नंतर मात्र चर्चेची गाडी वेगळ्याच रुळावर गेली. साइन्स यांची जीन्स किती घट्ट होती, त्यांची पोहण्याच्या पोशाखातील जुनी छायाचित्रे इंटरनेटवर कशी उपलब्ध आहेत, त्यांची स्वतःची वाहिनीच त्यांची जाहिरात कोणत्या शब्दांत करते, याचीच उजळणी वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर होऊ लागली. अखेर साइन्स यांना आपले त्या दिवशीचे छायाचित्र लोकांपुढे ठेवावे लागले. निळी जीन्स आणि पुढे बटणे असलेला पांढरा शर्ट, एवढाच तो पेहराव होता. ज्या व्यक्तीशी गैरवर्तन झाले तिनेच आपल्या कपड्यांचा पुरावा सादर करायचा आणि ज्यांनी ते केले त्यांच्या बाजूने मात्र 'पोरे आहेत, थट्टा केली' एवढे स्पष्टीकरण पुरेसे मानायचे, हा न्याय आपल्या वाचकाला अगदीच अपरिचित वाटू नये.

या प्रकरणात एक गुंतागुंत होती आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपला लैंगिक छळ झाला असे आपल्याला वाटले नाही, असे साइन्स यांनी स्वतःच सांगितले. त्यांनी तक्रारही केली नव्हती. प्रकरण लावून धरले ते क्रीडा माध्यमांत काम करणाऱ्या महिलांच्या संघटनेने. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने नॅशनल फुटबॉल लीगशी संपर्क साधला आणि लीगने चौकशी केली. त्यावर, जिच्याबाबत हे घडले तिची तक्रार नसताना या बाकीच्यांना काय पडले आहे, असा प्रश्न विचारण्यात आला. प्रश्न बिनतोड वाटतो. पण तो तसा नाही. कारखान्यातील एखादे यंत्र उघडे आहे आणि त्यात आज एका कामगाराचा सदरा अडकून फाटला; 'मला काही लागले नाही' असे तो म्हणाला म्हणून कारखाना तपासनीस यंत्राकडे पाठ फिरवत नाही. उद्या त्याच लॉकर रूममध्ये दुसरी कोणी बातमीदार जाणार आहे, ही संघटनेची चिंता होती. शिवाय साइन्स यांना पुढच्या आठवड्यात, पुढच्या मोसमात याच खेळाडूंकडे मुलाखत मागायची होती, हेही विसरून चालणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही, हे बातमीदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

चौकशीअंती लीगने सांगितले की, कोणाही खेळाडूने वा प्रशिक्षकाने साइन्स यांना स्पर्श केला नव्हता. मात्र त्यांना मिळालेली वागणूक व्यावसायिक शिष्टाचाराला धरून नव्हती. संघाचे मालक वुडी जॉन्सन यांनी त्यांची माफी मागितली आणि लीगमधील सर्व ३२ संघांसाठी कामाच्या ठिकाणच्या वर्तनाविषयी प्रशिक्षण देण्याच्या कार्यक्रमाचा खर्च उचलला. याच काळात वॉशिंग्टन संघाचा खेळाडू क्लिंटन पोर्टिस एका रेडिओ कार्यक्रमात बोलून गेला की, ५३ पुरुषांच्या खोलीत एखादी स्त्री शिरली तर त्यांतला कोणीतरी तिच्या मनात भरणारच. नंतर त्यानेही क्षमा मागितली. पण त्याच्या विधानातून जे उघड झाले ते क्षमायाचनेने झाकले जाणारे नव्हते. बातमीदार त्या खोलीत बातमीसाठी येते, ही शक्यताच त्याच्या विचारात नव्हती.

मुळात बायकांनी त्या खोलीत जावेच कशाला, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. क्रिकेटमध्ये ड्रेसिंग रूमचे दार पत्रकारांना बंदच असते. कर्णधार पत्रकार परिषदेला येतो, फार तर सीमारेषेजवळ मायक्रोफोन पुढे केला जातो, आणि तेवढ्यावर सगळ्यांचेच भागते. अमेरिकेतील व्यावसायिक खेळांची परंपरा वेगळी आहे. तेथे सामना संपल्यावर ठरावीक वेळाने लॉकर रूम पत्रकारांसाठी उघडली जाते. कोणी आंघोळीला निघालेला, कोणी पायाची पट्टी सोडतो आहे, आणि त्याच अवस्थेत त्याच्याभोवती वह्या आणि मायक्रोफोन घेतलेली गर्दी. पराभवाचे खरे कारण, प्रशिक्षकावरची नाराजी, दुखापतीची कुणकुण या गोष्टी पत्रकार परिषदेच्या टेबलावर मिळत नाहीत. त्या तेथे मिळतात. रात्रीच्या आवृत्तीची वेळ डोक्यावर असते. अशा वेळी ज्याला आत प्रवेश आहे त्याच्याकडे बातमी, आणि जो दाराबाहेर आहे त्याच्याकडे फक्त धावफलक. तेव्हा लॉकर रूमचा प्रश्न हा नग्नतेचा नव्हे, तर नोकरीचा प्रश्न होता.

तो प्रथम न्यायालयात गेला १९७७-७८ मध्ये. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाच्या तरुण बातमीदार मेलिसा लुड्टके १९७७ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज टिपण्यासाठी यँकी स्टेडियमवर गेल्या. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या खेळाडूंची त्यांना आत येऊ देण्यास तयारी होती. अडवले ते बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांच्या कार्यालयाने. त्याच मालिकेच्या सहाव्या सामन्यात रेजी जॅक्सनने तीन होम रन फटकावले. त्या रात्री त्याच्याभोवती सारे पुरुष पत्रकार जमले होते आणि लुड्टके यांच्यासाठी दार बंदच होते. साप्ताहिकाच्या मालक कंपनीने लुड्टके यांच्यासह आयुक्तांवर दावा लावला. खेळाडूंची लैंगिक गोपनीयता, कुटुंबाने पाहण्याचा खेळ ही बेसबॉलची प्रतिमा आणि सभ्यतेच्या रूढ कल्पना यांचे रक्षण करायचे आहे, असा बचाव कुन यांच्या बाजूने झाला.

हा दावा न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे आला. संघराज्याच्या न्यायासनावर बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्याआधी वर्णभेदाच्या लढाईत शाळा-महाविद्यालयांची बंद दारे उघडण्यासाठी त्यांनी वकील म्हणून वर्षानुवर्षे दावे लढवले होते. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांनी निकाल दिला. यँकी स्टेडियम न्यू यॉर्क शहराच्या मालकीचे असून भाडेपट्ट्याने दिलेले आहे. तेव्हा तेथील भेदभावाला राज्यघटनेचे समानतेचे तत्त्व लागू होते, हा त्याचा कायदेशीर पाया. खेळाडूंच्या लज्जारक्षणासाठी पडदे आहेत, टॉवेल आहेत. त्यासाठी एका बातमीदाराला तिच्या व्यवसायापासून वंचित ठेवण्याचे कारण नाही, हा त्यातला व्यवहार. ज्या खोलीत दूरचित्रवाणीचे कॅमेरे नेले जातात त्या खोलीत एका स्त्रीच्या डोळ्यांनी गोपनीयता भंगते, हा युक्तिवाद तसाही फार काळ टिकणारा नव्हता. बेसबॉल आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत सर्वत्र समान प्रवेशाचे धोरण येण्यास मात्र १९८५ साल उजाडले.

दार उघडले म्हणजे आतली माणसे बदलली असे नव्हे. ते दिसले १७ सप्टेंबर १९९० रोजी. 'बोस्टन हेरल्ड'च्या लिसा ओल्सन न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या लॉकर रूममध्ये एका खेळाडूची मुलाखत घेत असताना झीक मोवॅट आणि आणखी काही खेळाडू विवस्त्र अवस्थेत त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले आणि अश्लील बोलू लागले. या प्रसंगाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. ओल्सन यांनी लगेच गवगवा केला नाही. वृत्तपत्राने आधी संघाशी आतल्या आत बोलून पाहिले. बातमी फुटली ती दुसऱ्याच वृत्तपत्रातून. मग काय झाले? ओल्सन काय घालून गेल्या होत्या याला कोणाला फारसे नाव ठेवता येईना. म्हणून दुसरा दोष शोधण्यात आला. त्या खेळाडूंकडे 'बघत' होत्या, असा आरोप झाला. संघाचे मालक व्हिक्टर किआम यांनी त्यांच्याविषयी अर्वाच्य शब्द वापरल्याचे प्रसिद्ध झाले. किआम यांनी ते नाकारले आणि माफीही मागितली. पण काही महिन्यांनी, १९९१ च्या प्रारंभी, आखाती युद्धातील 'पेट्रियट' क्षेपणास्त्रांवर कोटी करून त्यांनी जाहीर समारंभात ओल्सन यांच्यावर विनोद केला. पुन्हा माफी मागितली.

लीगचे आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांनी हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक फिलिप हेमन यांच्याकडे चौकशी सोपवली. हेमन यांच्या अहवालाने ओल्सन यांचे म्हणणे खरे ठरवले. मोवॅटला साडेबारा हजार डॉलर, आणखी दोघा खेळाडूंना प्रत्येकी पाच हजार आणि संघाला पन्नास हजार डॉलर असा दंड झाला. याच सुमारास, ऑक्टोबर १९९० मध्ये, सिनसिनाटी संघाचे प्रशिक्षक सॅम वाईच यांनी 'यूएसए टुडे'च्या डेनिस टॉम यांना लॉकर रूमबाहेर थांबवले. त्यांना सुमारे २८ हजार डॉलरचा दंड झाला. कागदावर पाहिले तर व्यवस्था जागी होती.

आणि ओल्सन? चाहत्यांनी त्यांचे जिणे नकोसे करून सोडले. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, मोटारीचे टायर फाडले गेले, घर फोडले गेले. सामन्याला गेल्या की प्रेक्षकांतून शिव्या यायच्या. शेवटी त्यांनी देश सोडला आणि ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका वृत्तपत्रात नोकरी धरली. अमेरिकेतील क्रीडा पत्रकारितेत त्या परतल्या त्या १९९८ मध्ये. ज्याला साडेबारा हजारांचा दंड झाला तो खेळाडू आणि जिला आपले गाव, आपली पाने, ओळखीचे सूत्र सारे टाकून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले ती बातमीदार, यांतली शिक्षा नेमकी कोणाला झाली? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. येथे तर संन्याशाने आधी चोर पकडूनही दिला होता. वीस वर्षांनी साइन्स यांनी 'मला काही तसे वाटले नाही' असे म्हटले तेव्हा ओल्सन यांचे नाव त्यांच्या मनात होते की नाही, हे सांगता येणार नाही. पण अमेरिकेतील प्रत्येक महिला क्रीडा पत्रकाराला ते नाव ठाऊक होते.

आता पेहरावाकडे वळू. कारण त्याविषयी बोलायचेच नाही, अशी भूमिका घेणेही पळवाटच ठरेल. साइन्स यांची वाहिनी सवंग खेळ करीत होती यात शंका नाही. २००८ च्या सुपर बोलपूर्वी माध्यमांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी याच वाहिनीच्या दुसऱ्या प्रतिनिधी, इनेस गोमेझ माँट, नववधूचा पोशाख घालून आल्या आणि टॉम ब्रेडीला त्यांनी लग्नाची मागणी घातली. पुढच्या वर्षी साइन्स यांनी त्याच प्रसंगी खेळाडूंच्या दंडांची मापे घेतली. ही पत्रकारिता नव्हे, करमणूक आहे. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते फारशी बरी करमणूकही नव्हे. ज्या महिला बातमीदारांनी आकडेवारी पाठ करून, रात्रीची विमाने पकडून, वीस वर्षे घालवून या क्षेत्रात आपली जागा मिळवली त्यांना हे पाहून संताप आला असेल तर तो समजण्यासारखा आहे. त्यांच्यापैकी काहींनी साइन्स यांच्यावर टीकाही केली.

परंतु या टीकेचा पत्ता कोणता? नववधूचा पोशाख कोणाच्या पैशाने आला? कॅमेरा कोणी पाठवला, ध्वनिचित्रफीत कोणी प्रक्षेपित केली, प्रेक्षकसंख्येचा लाभ कोणी घेतला? बातमीदाराने कार्यालयीन कामावर काय घालावे हा मालक आणि नोकर यांच्यातला प्रश्न आहे, आणि तो विचारायचा तर वाहिनीच्या संपादकाला विचारला पाहिजे. प्रशिक्षकाने चेंडू कोठे फेकावा हा सर्वस्वी दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. गंमत अशी की, सरावाला आलेल्या साइन्स यांचा पेहराव त्या दिवशी चारचौघींसारखाच होता. जुन्या छायाचित्रांतील कपडे मात्र त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभे करण्यात आले.

भारतीय प्रेक्षकांना हे दृश्य २००३ च्या विश्वचषकात दिसले होते. 'सेट मॅक्स'वरील 'एक्स्ट्रा इनिंग्ज' या कार्यक्रमात मंदिरा बेदी आल्या, आणि त्यांच्या ब्लाउजच्या पट्ट्यांवर जितके रकाने खर्च झाले तितके त्या स्पर्धेतील मधल्या फळीवर झाले नसतील. क्रिकेट न पाहणाऱ्या घराला, विशेषतः स्त्रियांना, पडद्यापुढे आणायचे हा वाहिनीचा हिशेब होता आणि बेदींचा पेहराव हा त्या हिशेबाचा भाग होता. शेजारी बसलेले माजी खेळाडू सुरुवातीला आपल्या प्रश्नांना धड उत्तरही देत नसत, नुसते रोखून बघत, असे बेदी यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. म्हणजे वाहिनीने कपडे ठरवायचे, तज्ज्ञांनी त्या कपड्यांमुळे प्रश्न गांभीर्याने घ्यायचे नाहीत, आणि टीका झेलायची ती तिसऱ्याच व्यक्तीने. अर्थात बेदी यांनी तो काळ निभावून नेला आणि त्यानंतर क्रिकेटच्या कार्यक्रमात स्त्री दिसणे ही नवलाईची गोष्ट उरली नाही, हेही खरे.

अमेरिकेत साइन्स प्रकरणानंतर सव्वा वर्षाने, डिसेंबर २०११ मध्ये, बेसबॉलच्या संचालकांनी पत्रकारांसाठी पोशाखाची नियमावली जाहीर केली. अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक खेळांत अशी लेखी नियमावली करणारा बेसबॉल पहिला. पारदर्शक वस्त्रे नकोत, अंतर्वस्त्रे दिसता कामा नयेत, गुडघ्यापासून तीन-चार इंचांपेक्षा आखूड स्कर्ट वा विजार नको, सपाता नकोत, संघाचे बोधचिन्ह असलेले कपडे नकोत. नियम स्त्री-पुरुष दोघांसाठी होते आणि ते ठरवताना महिला पत्रकारांशीही विचारविनिमय झाला होता. बेसबॉलच्या पत्रकारांची कक्षा ज्यांनी पाहिली आहे ते सांगतील की, सपाता आणि गुडघ्यावर फाटलेल्या अर्ध्या विजारी हा मुख्यतः पुरुषांचाच प्रश्न होता. तेव्हा या नियमावलीविषयी तक्रार करण्यासारखे फार नाही. फक्त ती कशावरचे औषध आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. ती गबाळेपणावरचे औषध आहे, छळावरचे नव्हे.

हे ठामपणे म्हणता येते, कारण कपड्यांचा संबंधच येऊ शकत नाही अशी उदाहरणे समोर आहेत. क्रीडा निवेदिका एरिन अँड्र्यूज यांचे २००८ मध्ये नॅशव्हिल येथील हॉटेलात, त्यांच्या स्वतःच्या बंद खोलीत, दाराच्या भोकातून चोरून चित्रीकरण झाले. पाठलाग करणारा तुरुंगात गेला. २०१६ मध्ये ज्यूरीने त्यांना साडेपाच कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. पण त्या खटल्यातही, प्रकरणानंतर त्यांची कारकीर्द बहरलीच, असे सुचवण्याचा प्रयत्न बचावपक्षाने केला. दुसरे उदाहरण जॅरेड पोर्टर यांचे. २०१६ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या व्यवस्थापनात असताना त्यांनी एका परदेशी महिला बातमीदाराला मोबाइलवर संदेश पाठवण्याचा सपाटा लावला. उत्तर येईना तरी साठाहून अधिक संदेश गेले, आणि शेवटी अश्लील छायाचित्रे. ही हकिकत जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा पोर्टर न्यू यॉर्क मेट्सचे महाव्यवस्थापक झाले होते; काही तासांत त्यांची हकालपट्टी झाली. ती बातमीदार मात्र तोवर पत्रकारिता सोडून आपल्या देशी परत गेली होती. मोबाइलच्या पडद्यावर कोणाचा स्कर्ट किती इंच आखूड होता?

पोर्टर प्रकरणात या साऱ्याचे मूळ उघडे पडते. तो वरिष्ठ नव्हता, सहकारी नव्हता. तो 'सूत्र' होता. कार्यालयातील वरिष्ठाविरुद्ध तक्रार करण्यासाठी निदान एक दार असते, एक समिती असते. सूत्राविरुद्ध तक्रार करायची तर कोणाकडे? आपल्या संपादकाकडे केली तर तो काळजीपोटी दुसऱ्याला त्या संघाची जबाबदारी देईल, म्हणजे काम गेले. संघाकडे केली तर बाकीचे खेळाडू बोलायचे बंद होतील, म्हणजे बातम्या गेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. क्रीडा पत्रकारितेत तो अधिक तीव्र आहे, कारण एका संघात बोलणारी माणसे मोजून पन्नास आणि त्यांच्यात एकमेकांना सांभाळून घेण्याची वृत्ती प्रबळ.

कॅमेऱ्यासमोर तर ही असहायता सर्वांना दिसते. ४ जानेवारी २०१६ रोजी होबार्ट येथे बिग बॅश स्पर्धेतील सामन्यात बाद होऊन आलेल्या ख्रिस गेलने मुलाखतकार मेल मॅक्लॉक्लिन यांच्या खेळासंबंधीच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांची तारीफ केली, सामन्यानंतर पेयपानाचे निमंत्रण दिले आणि वर 'लाजू नकोस' असेही सुनावले. गेलचे षट्कार आपल्याकडे किती लोकप्रिय होते ते सांगायला नको; त्यामुळे येथेही अनेकांना यात गंमतच वाटली. प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या ट्विटर खात्यावरूनही प्रथम कौतुकाचाच सूर निघाला आणि मग तो मजकूर काढून टाकण्यात आला. स्वतःच्याच कर्मचाऱ्याचा अवमान ओळखायला वाहिनीला वेळ लागला, हे या प्रसंगातले सर्वांत बोलके. गेलला त्याच्या संघाने दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपण साधा विनोद केला, असे त्याचे म्हणणे. विनोद असेलही, पण मॅक्लॉक्लिन यांना त्यावर हसणे, रागावणे वा निघून जाणे यांपैकी काहीच करता येत नव्हते. थेट प्रक्षेपण चालू होते आणि त्या कामावर होत्या.

२०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात रशियातील सारान्स्क येथे जर्मनीच्या 'डॉइचे वेले'च्या स्पॅनिश सेवेसाठी थेट वार्तांकन करणाऱ्या हुलिएथ गोन्सालेझ थेरान यांना एका अनोळखी पुरुषाने पकडून चुंबन घेतले. त्यांनी वाक्य तोडले नाही, वार्तांकन पूर्ण केले. येकातेरिनबर्ग येथे ब्राझीलच्या जुलिया गिमराइस यांनी मात्र तसाच प्रयत्न हुकवला आणि कॅमेऱ्यासमोरच त्या माणसाला खडसावले. ब्राझीलमधील महिला क्रीडा पत्रकारांनी त्याच वर्षी मार्च महिन्यात एकत्र येऊन 'तिला काम करू द्या' या नावाची मोहीम उभारली होती, त्याचे बळ कदाचित त्या खडसावण्यामागे असावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये इटलीत एम्पोली-फिओरेंटिना सामन्यानंतर स्टेडियमबाहेर ग्रेटा बेकाल्या यांच्या पार्श्वभागावर एका प्रेक्षकाने चापट मारली. स्टुडिओतील निवेदकाने त्यांना दिलेला तात्काळ सल्ला होता: मनाला लावून घेऊ नका. या तिन्ही प्रसंगांत ना लॉकर रूम होती, ना विवस्त्र खेळाडू. होती ती गर्दी आणि मायक्रोफोन हातात असल्यामुळे प्रतिकार करू न शकणारी एक बाई.

भारतात २०१३ च्या कायद्याने कामाचे ठिकाण म्हणजे केवळ कार्यालयाची चार भिंतींची जागा नव्हे, हे स्पष्ट केले आहे. कामानिमित्त कर्मचारी जेथे जाईल ती जागा, एवढेच नव्हे तर मालकाने पुरवलेला प्रवासही, त्यात येतो. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून सुरक्षितता देणे ही मालकाची जबाबदारी आहे, असेही त्यात नमूद आहे. म्हणजे स्टेडियमवरील बातमीदाराच्या सुरक्षिततेची काळजी तिच्या वृत्तपत्राने किंवा वाहिनीने घेतली पाहिजे, हे तत्त्व कागदावर आहे. व्यवहारात मात्र सामन्यांचे वार्तांकन करणाऱ्यांत मानधनावर काम करणारी, एकेका स्पर्धेपुरती नेमलेली माणसे कितीतरी असतात. त्यांचा मालक कोण, हे ठरेपर्यंत स्पर्धा संपून गेलेली असते.

अमेरिकेत आता लॉकर रूमचा वाद वेगळ्या वाटेने परत आला आहे. करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, ही दारे पत्रकारांना बंद झाली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फुटबॉल खेळाडूंच्या संघटनेने मुलाखती लॉकर रूमबाहेर घ्याव्यात, अशी भूमिका मांडली; कारण दिले खेळाडूंच्या खासगीपणाचे. कुन यांनी १९७८ मध्ये हेच कारण दिले होते, पण दोन्हींत फरक आहे. कुन यांना निम्म्या माणसांना बाहेर ठेवायचे होते. खेळाडूंची संघटना सर्वांनाच बाहेर थांबायला सांगत आहे. महिला पत्रकारांची मागणी पहिल्या दिवसापासून समान अंतराची होती. ते अंतर खोलीच्या आत असावे की बाहेर, यावर त्यांचा हट्ट असण्याचे कारण नाही. मात्र दार सर्वांना बंद झाले तर बातमी कोणत्या आडवाटेने आणि कोणाकोणाला मिळू लागेल, रात्री उशिराचे जेवण, खासगी दूरध्वनी, मोबाइलवरचे संदेश यांवर बातमीदाराला किती विसंबावे लागेल, याचा विचार त्या वाटाघाटीत व्हायला हवा. पोर्टर यांचे संदेश लॉकर रूममधून गेले नव्हते.

एक साधी गोष्ट मात्र कोणत्याही लीगला, आपल्याकडील क्रिकेट मंडळाला आणि राज्य संघटनांनासुद्धा, उद्यापासून करता येईल. पत्रकारांना दिल्या जाणाऱ्या प्रवेशपत्राबरोबर कोठे उभे राहायचे, कोणती दारे वापरायची, कोठे छायाचित्रे घ्यायची नाहीत याचे नियम येतात. त्याच प्रवेशपत्रावर, खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी वा प्रेक्षक यांपैकी कोणी गैरवर्तन केल्यास तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक छापावा. आणि ती व्यक्ती संघाच्या व्यवस्थापनातील नसावी.